पाच खोडींची गिटार आणि एका खोडीची : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी गिटारींची दुरुस्ती आणि सेटअप करतो. माझ्याकडे नवी गिटार घेऊन येणाऱ्यांपेक्षा ‘घेऊ की नको’ या विचारात अडकलेले लोक जास्त येतात. हे प्रकरण त्यांतल्याच एका बाईंचं. वय पंचेचाळीसच्या आसपास, चार जणांच्या बँडमध्ये लीड वाजवतात, आणि अठरा वर्षं हातात एकच इलेक्ट्रिक गिटार. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, पण मापं माझ्या वहीत आहेत तशीच दिली आहेत.

त्यांची जुनी गिटार म्हणजे स्क्रूने जोडलेली मेपलची नेक (गिटारची मान), २५.५ इंच म्हणजे साधारण ६४८ मिलिमीटरची स्केल (तारेची कंप पावणारी लांबी) आणि तीन सिंगल कॉइल पिकअप. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरपासून चालत आलेला साचा. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, दोनदा घासून सारखे केले होते, तिसऱ्यांदा घासायला त्यांत धातूच उरला नव्हता. तरीही त्या गिटारने त्यांना कधी दगा दिला नव्हता. अडचण होती ती आवाजाची. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली एक कॉइल. ती तारेचं कंपन पकडते, तशी आसपासच्या विजेची गुणगुणही पकडते. वीज ५० हर्ट्झची असो की ६० ची, घर्रर्र आवाज येतोच, आणि स्टेजवरचे दिवे डिमरवर असतील तर त्यात किरकिरही मिसळते. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत हा आवाज सगळ्या हॉलला ऐकू येतो.

म्हणून त्यांना हंबकर हवे होते. दोन कॉइल अशा जोडायच्या की बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडून काढेल आणि तारेचा आवाज मात्र एकमेकीत मिसळून वाढेल, ही त्यामागची युक्ती. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून हे पिकअप लेस पॉल गिटारींवर दिसू लागले. थोडक्यात, त्यांची गरज साधी होती: गुणगुण न करणारी दुसरी गिटार.

अडचण

गरज साधी, पण सात महिन्यांत अकरा गिटारी वाजवून झाल्या आणि अकराही नाकारून झाल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी वही होती. प्रत्येक गिटारपुढे तिची खोड लिहिलेली. वही पुढे करत म्हणाल्या, “सगळे म्हणतात मी उगाच खोडी काढते. तुम्ही बघा आणि सांगा, माझंच काही चुकतंय का?”

मला त्या वहीचं कौतुक वाटलं. बहुतेक लोक ‘मजा नाही आली’ एवढंच सांगतात, आणि त्यावरून काहीच कळत नाही.

वहीतले नकार

सगळे अकरा सांगत बसत नाही. काही नकार मात्र सांगण्यासारखे आहेत.

पहिल्या गिटारला फ्लॉईड रोज पद्धतीचा लॉकिंग ब्रिज होता. १९७९ साली पेटंट मिळालेली ही रचना तारा नटपाशी (नेकच्या टोकाचा तारांचा टेकू) आणि ब्रिजपाशी (बॉडीवरचा टेकू), अशा दोन्हीकडे घट्ट आवळते. ब्रिजला जोडलेली, सूर हलवायची दांडी कितीही दाबली, ओढली, तरी सूर जागेवर परत येतात. ज्याला तेच हवं आहे त्याच्यासाठी याहून चांगलं काही नाही. पण या बाईंच्या कार्यक्रमात तीन गाणी अशी होती की सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवावी लागते. तरंगत्या, म्हणजे मागच्या स्प्रिंगांवर तोललेल्या, ब्रिजवर एक तार सैल केली की ब्रिजचा तोल बदलतो आणि उरलेल्या पाच तारा चढतात. त्यात नटपाशी कुलूप, म्हणजे षट्कोनी चावी काढा, तीन स्क्रू सैल करा. दोन गाण्यांच्या मध्ये हे करायला कुणाला वेळ असतो? नकार बरोबरच होता.

दुसरीचा फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची फळी, फार गोल. गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, जुन्या धाटणीची. अशा बोर्डवर कॉर्ड धरायला बोटांना सुख वाटतं, पण तारा खाली ठेवून वरच्या फ्रेटवर मोठा बेंड घेतला, म्हणजे सूर चढवायला तार आडवी ओढली, की ती बोर्डच्या मधल्या उंचवट्याकडे सरकते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. बाईंच्या शब्दांत, “सूर घशात अडकतो.” तारा उंच केल्या की अडकत नाही, पण मग बोटं दमतात. फ्रेट काढून बोर्ड पुन्हा घासायचा, नवे फ्रेट ठोकायचे, एवढाच त्यावरचा उपाय, आणि नव्या गिटारवर तो कुणी करत नाही.

तिसरी ४.६ किलोची. तिच्यापुढे वहीत एकच शब्द: ‘खांदा’.

चौथीपुढे पाच ओळी होत्या. नेकवर चकचकीत जाड लॅकर, अंगठा चिकटतो. व्हॉल्यूमचा नॉब लांब, करंगळी पोचत नाही. ब्रिज तरंगता. फ्रेटची टोकं तळहाताला टोचतात. हेडस्टॉक (नेकचा खुंट्यांचा शेंडा) दिसायला वाईट. वहीतल्या इतर कुठल्याही गिटारला इतक्या शिव्या मिळाल्या नव्हत्या.

नॉबबद्दल जरा सांगतो, कारण यातून पुढे मला बरंच शिकायला मिळालं. तीन सिंगल कॉइलच्या त्या जुन्या साच्यात व्हॉल्यूमचा नॉब तारांच्या अगदी जवळ असतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची याच नॉबबद्दल तक्रार असते, कारण वाजवताना हात लागतो आणि आवाज आपोआप कमी होतो. काहीजण तेवढ्यासाठी तसली गिटार घेत नाहीत. या बाईंचं बरोबर उलटं. त्या करंगळीने नॉब वळवत सूर हळूहळू वर आणतात, एकदोन गाण्यांची सुरुवातच तशी आहे. एकाला जी खोड वाटते ती दुसऱ्याच्या वाजवण्याचा भाग असते. म्हणून ‘हे फीचर वाईट’ असं कुणी ठासून सांगितलं की मी आधी विचारतो, तुम्ही काय वाजवता?

पाचवीत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे अॅक्टिव्ह पिकअप होते. आवाज स्वच्छ, गुणगुण नाही. पण केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, आणि कार्यक्रमात दुसऱ्या एका वादकाची बॅटरी संपलेली त्यांनी पाहिली होती. सहावी कारखान्यातूनच झिजवून, ओरखडे पाडून आलेली. “माझ्या जुनीवरचा एकेक ओरखडा कुठे पडला ते मला आठवतं. हे कुणाचे ओरखडे?” असं त्या म्हणाल्या, आणि यावर मला उत्तर सुचलं नाही. सातवी बिनहेडस्टॉकची, १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी लोकांपुढे आणलेल्या कल्पनेवरची. वजनाला हलकी, तोल उत्तम. दिसण्यावरून नाकारली.

मग थेट अकरावी. पातळ महोगनीची बॉडी, दोन शिंगं, चिकटवलेली नेक, दोन हंबकर, २४.७५ इंच म्हणजे साधारण ६२८ मिलिमीटरची स्केल, वजन ३.१ किलो, नेक मॅट. १९६१ मध्ये लेस पॉलच्या जागी आलेल्या आणि पुढे एसजी नावाने ओळखल्या गेलेल्या गिटारच्या घराण्यातली. तिच्यापुढे एकच ओळ होती: ‘खाली जाते.’

दिसण्यावरच्या नकारांबद्दल

वही वाचताना ‘दिसायला वाईट’ हे कारण मी मनातल्या मनात वजा करत होतो. तसं करायला नको होतं. जी गिटार बघावीशी वाटत नाही ती स्टँडवरून उचलली जात नाही, आणि उचललीच नाही तर बाकी गुणांचा उपयोग काय?

या बाबतीत मोठ्या कंपन्यांनाही ठेच लागलेली आहे. गिब्सनने २०१५ साली अमेरिकेत बनणाऱ्या बहुतेक गिटारींवर एकाच वेळी अनेक बदल केले: आपोआप सूर लावणाऱ्या मोटरच्या खुंट्या, आधीपेक्षा रुंद नेक, उंची बदलता येणारा पितळी नट, आणि लेस पॉल यांच्या जन्मशताब्दीनिमित्त कित्येक मॉडेलांच्या हेडस्टॉकवर त्यांची सही. यातला एकेक बदल सुटा पाहिला तर समजण्यासारखा होता. एकत्र आले तेव्हा मात्र वादकांची नापसंती मोठी होती. २०१६ साठी कंपनीने दोन वेगळ्या मालिका काढल्या: पारंपरिक घडणीची एक आणि नव्या सोयींची एक. ज्यांना नको होतं त्यांना नाही म्हणायला जागा मिळाली.

समोर आलेले पर्याय

आम्ही बसून तीन वाटा काढल्या. जुन्या गिटारला नवे फ्रेट आणि गुणगुण न करणारे, सिंगल कॉइलच्याच आकाराचे दोन मजली पिकअप बसवायचे, ही पहिली. वहीतल्या एखाद्या गिटारवर काम करून ती वापरण्याजोगी करायची, ही दुसरी. शोध चालू ठेवायचा, ही तिसरी.

पहिली वाट त्यांनी लगेच बाजूला ठेवली. हातात एकच गिटार असली आणि ऐन कार्यक्रमात तार तुटली तर काय, ही भीती त्यांना अठरा वर्षं होती. दुसरी गिटार हवीच होती. सात महिन्यांनी तिसऱ्या वाटेचा कंटाळा आला होता. राहिली दुसरी.

पहिला निर्णय, आणि माझी चूक

मी वही घेतली आणि सरळ खोडी मोजल्या. चौथीच्या पाच, अकरावीची एक. अकरावीचा आवाज मलाही फार आवडला होता. खाली भरदार, वर मऊ, आणि अँप पूर्ण वाढवला तरी शांत. बाईंनाही आवाज आवडला होता. त्या पुन्हा म्हणाल्या, “पण ही खाली जाते हो.”

हे काय असतं ते सांगतो. गिटार पट्ट्याला लावून गळ्यात अडकवली की ती पट्ट्याच्या दोन बटनांवर टांगलेली असते. या घराण्यात पुढचं बटन नेक आणि बॉडी जिथे जुळतात तिथे मागच्या बाजूला असतं, म्हणजे शिंगावर असतं त्यापेक्षा बरंच मागे. बॉडी पातळ आणि हलकी, नेक बॉडीतून लांब बाहेर आलेली, टोकाला सहा धातूच्या खुंट्या. वजन पुढे, आधार मागे. हात सोडला की हेडस्टॉक जमिनीकडे झुकतो.

मी म्हणालो, “आतून खरखरीत असलेला रुंद पट्टा घ्या, जागेवर राहील.” आठ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मीच लावून दिला. त्यांनी तो गळ्यात घातला, दोन्ही हात सोडले, गिटार आडवी राहिली. मला वाटलं प्रश्न मिटला. पुढचं बटन शिंगावर हलवू का, असंही विचारलं होतं, पण नव्या गिटारला भोक पाडलं तर ती परत करता येणार नाही म्हणून आम्ही ते टाळलं. त्यांनी गिटार घेतली.

आता मागे पाहताना दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. त्यांनी अकराही गिटारी बसून वाजवल्या होत्या. स्टुलावर बसलं की गिटार मांडीवर टेकते आणि तोलाचा प्रश्न जवळजवळ दिसतच नाही. बसूनसुद्धा ज्या गिटारचं ‘खाली जाणं’ त्यांना जाणवलं, ती उभ्याने किती जाईल हा विचार मी करायला हवा होता. आणि दुसरं, पट्ट्याने वजन कुठे नाहीसं होत नाही. तो फक्त खांद्यावरच्या कापडाला घासून गिटार धरून ठेवतो. कापड गुळगुळीत असलं, घाम आला, की पकड सुटते आणि उरलेला भार डाव्या हातावर येतो.

काय घडलं

सहा आठवड्यांनी त्या परत आल्या, पण तोलाची तक्रार घेऊन नाही. म्हणाल्या, “ही बेसूर होते. पहिल्या तीन फ्रेटवर सगळं चढं वाजतं.”

मी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येतो का ते, पाहिलं, ठीक. नटचे खाच पाहिले, जरा उंच होते, घासले. ट्यूनरवर जी तारेचा दुसरा फ्रेट त्यांनी बसून दाबला: ३ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). एवढं चालतं. तरी त्या म्हणाल्या, स्टेजवर चढाच वाजतो. मग मी तेच त्यांना उभं राहून करायला सांगितलं. तीच तार, तोच फ्रेट: १४ सेंट चढा.

मी ट्यूनरवरून नजर काढून त्यांच्या हाताकडे पाहिलं. डावा अंगठा नेकच्या मागे टेकलेला नव्हता, वरून आकडा करून नेकला अडकला होता. कोपर शरीरापासून दूर, मनगट वाकलेलं. त्या नेक उचलून धरत होत्या, आणि उचलता उचलता वाजवत होत्या. माझ्याकडचा वजनकाटा मी हेडस्टॉकला अडकवला आणि नेक आडवी राहील इतकी ओढली. काटा ४०० ग्रॅमच्या आसपास थांबला. ४०० ग्रॅम हातात घेतले तर काहीच वाटत नाहीत. दोन तास एका हाताने लांब धरले, आणि त्याच हाताच्या बोटांनी बारीक काम करायचं म्हटलं, तर मनगट बोलायला लागतं. त्यांचं मनगट तीन आठवड्यांपासून दुखत होतं. ते नवीन गिटारमुळे असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

सूर चढण्याची कारणं एकात एक गुंतलेली होती. स्केल आखूड झाली की त्याच तारा त्याच सुराला कमी ताणाने पोचतात. ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे ६४८ वरून ६२८ वर आलं की तो साधारण ६ टक्के उतरतो. ताण कमी, म्हणजे तीच जबरदस्ती केली तर सूर जास्त चढतो. त्यात फ्रेट उंच, आणि नेक उचलण्यासाठी घट्ट पकडलेला हात. अठरा वर्षं लांब स्केलवर वाजवलेल्या हाताला किती दाब पुरेसा हे पाठ झालेलं असतं. तो पाठ इथे चुकत होता.

मी त्यांची क्षमा मागितली. “खाली जाते” असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी ते पट्ट्याच्या दुकानात मिटणारं दुखणं समजलो होतो.

दुसरा निर्णय

आता पुन्हा तीन वाटा. त्याच गिटारवर काम करायचं: पुढचं बटन शिंगावर न्यायचं आणि जड बंद खुंट्यांच्या जागी हलक्या बसवायच्या. मी अंदाज बांधला. खुंट्यांत साठ-सत्तर ग्रॅम कमी होतील, तेही टोकाला, म्हणजे फरक जाणवेल. बटनाने आणखी फरक पडेल. बहुधा काटा १०० ग्रॅमच्या आसपास आला असता. पण स्केल तीच राहिली असती. आणि बाईंच्या मनातून ती गिटार उतरली होती, हे त्यांच्या केस बंद करण्यावरूनच कळत होतं.

तेव्हा मी वही पुन्हा मागितली. या वेळी खोडी मोजल्या नाहीत, प्रत्येक खोडीपुढे एक खूण केली. पेचकसने जाते ती एक, बाकावर काम करून जाते ती दुसरी, लाकडातच आहे ती तिसरी. लाकडात म्हणजे स्केल, बोर्डची गोलाई, नेकची रुंदी, बॉडीचं वजन, टांगल्यावरचा तोल. यातलं काही बदलायचं तर गिटार जवळजवळ नव्याने करावी लागते.

चौथ्या गिटारच्या पाचही खोडींपुढे तिसरी खूण एकदाही आली नाही.

ती सापडेल का विचारलं. तीच प्रत विकली गेली होती, त्याच मॉडेलची दुसरी मिळाली. पहिलीचं वजन ३.६ किलो होतं, ही ३.८ भरली, कारण लाकूड लाकडासारखं नसतं. या वेळी बाईंनी दुकानात स्वतःचा पट्टा नेला, स्टेजवर असतो तेवढाच लांब ठेवला आणि पाऊण तास उभं राहून वाजवलं. हात सोडले, नेक जागेवर राहिली. स्केल ६४८, बोर्डची गोलाई १२ इंच. म्हणजे वरचे बेंड मोकळे आणि हाताला ओळखीचं अंतर. एसजीसारखी गिटार विकून ही घेतली. विकताना थोडं नुकसान झालं, आणि त्यात माझ्या सल्ल्याचा वाटा होता.

बाकावर काय केलं

फ्रेटची टोकं आधी. फ्रेटबोर्डचं लाकूड कोरड्या हवेत आकसतं, धातू आकसत नाही. मग टोकं बोर्डच्या कडेबाहेर केसभर डोकावतात. डोळ्याला दिसत नाहीत, तळहाताला करवतीसारखी लागतात. ही खोड दुकानात वाजवणाऱ्याला सर्वांत आधी जाणवते आणि ‘हलका माल’ म्हणून गिटार परत ठेवायला लावते, प्रत्यक्षात काम तासाभराचं आहे. कडेला टेप लावायची, बारीक सपाट कानस कडेशी समांतर धरायची, टोकं बोर्डशी सारखी करायची, मग प्रत्येक टोकाचे दोन्ही कोपरे छोट्या कानशीने गोल करायचे. बावीस फ्रेट, चव्वेचाळीस टोकं, अठ्ठ्याऐंशी कोपरे. एखादा कोपरा सुटला तर हात नेमका तिथेच थांबतो. शेवटी मी डोळे मिटून तर्जनी कडेवरून वरून खाली फिरवतो. त्या दिवशी सतराव्या फ्रेटपाशी बोट अडलं, पुन्हा कानस घेतली.

नेकच्या मागचं चकचकीत लॅकर करड्या घासणीने लांबीच्या दिशेने घासलं. वीस मिनिटं. चमक गेली, लाकडावरचं संरक्षण तसंच राहिलं. हे करण्याआधी मी त्यांना दोनदा विचारलं, कारण ही चमक परत आणणं सोपं नसतं आणि पुढे विकताना घेणारा कुरकुर करू शकतो. त्या म्हणाल्या, “विकायची नाहीये.”

ब्रिजसाठी मागचं झाकण उघडून तीनाच्या जागी पाच स्प्रिंग लावल्या आणि त्या धरणाऱ्या पंजाचे स्क्रू आवळले. ब्रिज बॉडीवर बसला. आता दांडीने सूर वर ओढता येत नाही, खाली सोडता येतो, आणि जाड तार डी वर उतरवली तर बाकीच्या हलत नाहीत. त्यांना वर ओढायचं कधी नव्हतंच.

नॉब दोन होते, तारांजवळ टोन आणि लांब व्हॉल्यूम. आतल्या वायरी डाग देऊन अदलाबदल केल्या. व्हॉल्यूम कमी केला की आवाजाची धारही बोथट होते, ती होऊ नये म्हणून पॉटवर (नॉबखालचा फिरता भाग) एक छोटा कपॅसिटर आणि रेझिस्टरही लावला. त्यामुळे करंगळीने सूर वर आणताना त्याची धार सुरुवातीपासूनच राहते. हे त्यांनी मागितलं नव्हतं, पण ऐकल्यावर त्या बराच वेळ तेच करत बसल्या.

हेडस्टॉकचं काही केलं नाही.

परिणाम

दहा महिने झाले. मनगटाचं दुखणं पाच आठवड्यांत गेलं. ट्यूनरवर त्यांचा उभ्याने दाबलेला जी तारेचा दुसरा फ्रेट आता ४ सेंटच्या आत असतो. दिव्यांखाली गिटार शांत आहे. जुनीला नवे फ्रेट बसवून झाले, ती आता दुसरी गिटार म्हणून स्टँडवर असते. बँडमधले म्हणतात की हंबकरमुळे दोन गाण्यांचा स्वभाव बदलला. त्यातलं एक सुधारलं, दुसऱ्याला जुनीच्या मधल्या पिकअपची खणखण हवी होती. ते एक गाणं त्या अजूनही जुनीवर वाजवतात आणि तेवढी गुणगुण सहन करतात.

आज वेगळं काय केलं असतं

सर्वांत आधी, उभं राहून वाजवायला लावलं असतं. वादक कार्यक्रमात उभा राहणार असेल तर बसून घेतलेली चाचणी अर्धीच. पट्टा स्वतःचा, लांबी नेहमीची, आणि वेळ निदान अर्धा तास. पहिल्या पाच मिनिटांत हात नव्या गिटारला सांभाळून घेतो, खरं काय ते नंतर कळतं.

दुसरं, ‘खाली जाते’ म्हणजे नक्की काय, ते कुठे जाणवतं, मान, खांदा की मनगट, हे विचारलं असतं. वजनकाटा माझ्या भिंतीवर पहिल्या दिवशीही लटकत होता. दोन मिनिटांत आकडा मिळाला असता, आणि ४०० हा आकडा पाहून मी पट्ट्याची गोष्ट काढलीच नसती. परत करण्याची मुदत असते ती याचसाठी. त्या मुदतीत एक पूर्ण सराव उभ्याने करून घ्यायला हवा होता. आम्ही मुदत भोक पाडू की नको या चर्चेत घालवली.

एका प्रश्नाचं उत्तर मला अजून पक्कं मिळालेलं नाही. बिनहेडस्टॉकची सातवी गिटार तोलात, वजनात, स्केलमध्ये, सगळ्यात बसत होती. तिच्यावर काहीच काम करावं लागलं नसतं. फक्त ती त्यांना बघवत नव्हती. मी आग्रह धरायला हवा होता का? एकदा धरून पाहिला, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणता ते सगळं खरं, पण मी ती केसमधून काढणार नाही.” मी तिथेच थांबलो. चौथीचा हेडस्टॉकही त्यांना आवडत नव्हता, पण त्या गिटारकडे त्या पुन्हा वळल्या आणि या सातवीकडे नाही. यातली रेघ नेमकी कुठे आहे ते त्यांनाही सांगता आलं नाही. आता कुणी वही घेऊन आलं की दिसण्यावरच्या खोडीपुढे मी पेचकसची, बाकाची, लाकडाची, कुठलीच खूण करत नाही. तिथे एवढंच विचारतो: घरी गेल्यावर ही उचलाल का? आणि जे उत्तर येईल ते तसंच लिहून ठेवतो.